ताटाची डावी बाजू रिकामी नको

आजचा विषय आहे चटणी आणि कोशिंबीर, आणि तीही ताज्या फळांची. तुम्ही म्हणाल, चटणी काय रेडिओवरून शिकवायची गोष्ट आहे? वाटायला तर आम्हाला आठव्या वर्षापासून येते. खरं आहे. वाटायची कशी हे तुम्हाला येतंच. ती कधी खायची, कशाबरोबर खायची आणि कुणी खायची, हे मला आज सांगायचं आहे.

पंगतीचं ताट डोळ्यांसमोर आणा. वर मीठ, शेजारी लिंबाची फोड, मग डाव्या हाताला चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी, उसळ, आमटी. मधे भात नाहीतर पोळी. लग्नात, सणाला आपण हे ताट असंच वाढतो. रोजच्या ताटात काय असतं? भाकरी आणि एक कालवण. शेतावर जायची घाई, पाण्याची घाई, मुलांच्या शाळेची घाई. त्या घाईत डावी बाजू गळून गेली. फार तर लोणच्याची फोड उरली. ही डावी बाजू रोजच्या ताटात परत यायला हवी, एवढंच आजचं माझं म्हणणं. आता त्याचं कारण सांगते.

रक्त कमी का राहतं?

केंद्र सरकार दर काही वर्षांनी राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी करतं. पाचवी पाहणी 2019 ते 2021 या काळात झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या बायकांपैकी सुमारे 54 टक्के बायकांचं रक्त कमी आढळलं. म्हणजे आपल्या दोन गटांच्या मिळून वीस जणी एका सतरंजीवर बसल्या, तर त्यातल्या दहा-अकरा जणी. धाप लागणं, चक्कर येणं, पायात गोळे येणं, कामाचा कंटाळा येणं, याला आपण "वय झालं" म्हणतो. पण पंचविशीतल्या सुनेलाही तेच होत असेल, तर तिथे वयाचा काय संबंध?

रक्तासाठी लोह लागतं, हे आशाताईनं आपल्याला सांगितलेलं आहे. आपल्या जेवणात लोह अगदीच नाही असंही नाही. बाजरीत आहे, मटकीत आहे, हरभऱ्यात आहे, राजगिऱ्याच्या आणि मेथीच्या पाल्यात आहे, अळिवात तर भरपूर आहे. अडचण पुढे येते. धान्यातलं आणि पालेभाजीतलं लोह आपल्या शरीराला सहज घेता येत नाही. खाल्लेल्यातला थोडाच भाग रक्तापर्यंत पोचतो, बाकीचा तसाच बाहेर पडतो. मटणा-मासळीतलं लोह त्यामानानं चांगलं लागू पडतं, पण ते आपल्या ताटात आठवड्यातून एकदा, कुणाकडे महिन्यातून एकदा, आणि कुणाकडे कधीच नाही.

इथे फळ उपयोगी पडतं. ताज्या फळात 'क' जीवनसत्त्व असतं. ते त्याच घासाबरोबर पोटात गेलं, की भाकरीतलं आणि भाजीतलं लोह शरीराला शोषून घेता येतं. जत्रेत लहान मूल मोठ्या माणसाचं बोट धरून गर्दीतून पलीकडे जातं ना, तसं लोह या जीवनसत्त्वाचं बोट धरून पोटातून रक्तात जातं. पण बोट धरायला दोघं एकाच वेळी जत्रेत हवीत. सकाळी भाकरी खाल्ली आणि दुपारी चारला पेरू खाल्ला, तर पेरूचे बाकीचे गुण मिळतील, सकाळच्या लोहाला मात्र त्याची मदत होणार नाही. म्हणून फळ जेवणाच्या ताटातच हवं, आणि ताटात फळ बसवायची आपली जुनी जागा म्हणजे डावी बाजू.

आंबट म्हणजे सगळं सारखं नाही

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. आंबट लागलं म्हणजे त्यात 'क' जीवनसत्त्व असतंच असं नाही. चिंच किती आंबट, पण तिच्यात हे जीवनसत्त्व अगदी थोडं. कवठाचंही तसंच. महाशिवरात्रीला कवठाची गूळ-तिखट घातलेली चटणी करतो ती जरूर करा, चवीला तिच्यासारखी दुसरी नाही. पण त्या दिवशी भाकरीवर लिंबूही पिळा.

भरवशाची फळं म्हणजे आवळा, पेरू, कैरी, बोर, पपई, संत्रं-मोसंबी आणि बारमाही लिंबू. आवळा सगळ्यांत वरचा. पेरू त्याच्या खालोखाल. शंभर ग्रॅम पेरूत साधारण 200 मिलिग्रॅम 'क' जीवनसत्त्व असतं आणि बाईला दिवसाला 65 मिलिग्रॅम पुरतं. म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू झाला तरी दिवसाची गरज भागते. शंभर ग्रॅम संत्र्यात मात्र 40-50 मिलिग्रॅमच. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण महागाची संत्री नेतो आणि बांधावरच्या पेरूला मुलांनी दगड मारले तरी बघत नाही. पिकलेल्या आंब्यापेक्षा कैरीत हे जीवनसत्त्व जास्त असतं, हेही माहीत असू द्या.

हे जीवनसत्त्व मोठं नाजूक आहे. उकळलं की बरंचसं जातं, चिरून तासन् तास उघडं ठेवलं की कमी होतं, पाण्यात भिजत घातलं की पाण्यात उतरतं. म्हणून फळ आधी धुवा, मग चिरा. जेवायच्या आधीच चिरा आणि शक्यतो कच्चंच खा. फोडणी द्यायची तर ती गार करून वरून घाला.

आता कृती सांगते. सगळी मापं पाच माणसांच्या घराची आहेत.

आवळ्याचा ठेचा

कार्तिकात आवळे यायला लागतात आणि पौष-माघापर्यंत मिळतात. पाच-सहा मोठे आवळे धुऊन, पुसून चिरा, बिया काढा. पाच-सहा हिरव्या मिरच्या तव्यावर थेंबभर तेलात डाग पडेपर्यंत परता. सात-आठ लसणाच्या पाकळ्या आणि चमचाभर जिरं त्याच तव्यावर जरा गरम करा. आधी मिरची, लसूण, जिरं आणि अर्धा चमचा जाडं मीठ खलबत्त्यात कुटा. मग मूठभर कोथिंबीर घाला आणि अगदी शेवटी आवळा घालून जाडसर ठेचा. आवळा परतायचा नाही, कच्चाच घ्यायचा. तुरटपणा फार वाटला तर दोन चमचे दाण्याचं कूट आणि सुपारीएवढा गूळ मिसळा.

बाजरीची भाकरी, मेथीची भाजी आणि हा ठेचा, असं ताट झालं की रक्तवाढीला लागणारं बरंचसं एका जागी आलं. दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका. रोजचा ताजा उत्तम.

पेरूची कोशिंबीर

दोन मध्यम पेरू घ्या, पिवळे पडायला लागलेले पण हाताला अजून कडक लागणारे. साल काढू नका, सालीजवळच सत्त्व जास्त. आजी-आजोबांना दातांचा त्रास असेल तर मधला बियांचा गर तेवढा बाजूला करा. पेरू बारीक चिरा. त्यात एक बारीक चिरलेली हिरवी मिरची, दोन मोठे चमचे दाण्याचं कूट, कोथिंबीर, पाव चमचा मीठ, चिमूटभर साखर आणि अर्ध्या लिंबाचा रस घाला. पळीत चमचाभर तेल तापवून जिरं आणि हिंग तडतडू द्या. फोडणी जरा निवली की वर ओता.

बऱ्याच घरी या कोशिंबिरीत दही घालतात. दही चांगलंच, पण दुधातलं कॅल्शियम लोहाला थोडं अडवतं. म्हणून बाजरी-पालेभाजीच्या जेवणाबरोबर बिनदह्याची करा आणि दह्याची दुसऱ्या वेळेला ठेवा.

"पेरूनं खोकला होतो" असं ऐकत आपण मोठ्या झालो. सर्दी-खोकला जंतूंमुळे होतो, पेरूमुळे होत नाही. घसा आधीच धरलेला असेल तर गार आणि तिखट त्या दिवशी टाळा, एवढं पुरे. पण त्या भीतीनं मुलीला सगळा हिवाळा पेरूपासून लांब ठेवू नका.

बोरांची चटणी

संक्रांतीच्या आगेमागे बोरं येतात. गावठी आंबटगोड बोरं वाटीभर घ्या, धुऊन पुसा, बिया काढा. दोन लसणाच्या पाकळ्या, एक चमचा लाल तिखट, चिमूटभर मीठ, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि बोराएवढा गूळ घालून खलबत्त्यात ओबडधोबड ठेचा. शाळेतल्या मुलींना ही चटणी फार आवडते. बाहेरच्या रंगीत गोळ्यांवर त्या पैसे घालवतात, त्यापेक्षा डब्यात चपातीबरोबर ही द्या.

कैरीचा तक्कू

चैत्रात हळदीकुंकवाला आपण आंबेडाळ आणि पन्हं करतो. तेच कैरीचं रोजचं रूप म्हणजे तक्कू. एक मोठी कैरी साल काढून किसा. एक मध्यम कांदाही किसून किंवा बारीक चिरून घ्या. एक चमचा लाल तिखट, दोन चमचे किसलेला गूळ आणि अर्धा चमचा मीठ घालून कालवा. पळीत दोन चमचे तेल तापवा, त्यात मोहरी, सात-आठ मेथीदाणे, हिंग आणि हळद घाला. मेथीदाणे लालसर होऊ द्या, काळे झाले तर कडू लागतात. फोडणी पूर्ण गार करून घाला. दहा मिनिटं ठेवलं की गुळाला पाणी सुटतं आणि सगळं एकजीव होतं.

उन्हाळ्यात जेवण जात नाही, अशी प्रत्येकीची तक्रार असते. तक्कू असला की अर्धी भाकरी जास्त जाते. पन्हं उकडलेल्या कैरीचं असल्यामुळे त्यात 'क' जीवनसत्त्व कमी उरतं, पण उन्हातून आल्यावर पाणी, मीठ आणि गूळ पोटात जातो. म्हणून दोन्ही करा. तक्कू जेवणात, पन्हं उन्हातून आल्यावर.

पपईची तिखट कोशिंबीर

आषाढ-श्रावणात आवळा नसतो, कैरी संपलेली असते. तेव्हा पपई आणि लिंबू. पिकलेली पण घट्ट पपई दोन वाट्या होईल इतकी चिरा. अर्धा कांदा, लिंबाचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड, मिरपूड, चिमूटभर मीठ आणि वरून चमचाभर भाजलेले तीळ. गोड फळाला मिरपूड कशी लागेल, अशी शंका आली तर आधी दोन फोडींवर घालून बघा. पपईत डोळ्यांना लागणारं 'अ' जीवनसत्त्वही मिळतं. गरोदर बाईला कच्ची, चीक असलेली पपई देऊ नये.

मसाला चवीपुरता नाही

फळाला झणझणीत चव दिली की तीन गोष्टी होतात. एक, भूक लागते. दोन, मीठ आणि साखर कमी लागते, कारण जिरं, हिंग, लसूण, लिंबू यांनी तोंडाला चव येते. रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना याचा मोठा फायदा. तीन, मसाल्याचेही गुण मिळतात. हिरव्या मिरचीत आणि कोथिंबिरीत 'क' जीवनसत्त्व आहे, तिळात कॅल्शियम आणि लोह आहे, जवसात चांगलं तेल आहे.

घरी एक कोरडा मसाला करून ठेवा. चार चमचे जिरं, दोन चमचे धणे, एक चमचा मिरी आणि अर्धा चमचा ओवा वेगवेगळं भाजून घ्या. गार झालं की पूड करा. त्यात एक चमचा सुंठ पूड आणि दोन चमचे काळं मीठ मिसळा. कोरड्या बरणीत महिना-दोन महिने टिकतो. ज्या दिवशी कोशिंबीर करायला वेळ नसेल, त्या दिवशी पेरूच्या नाहीतर पपईच्या फोडींवर हा भुरभुरा आणि ताटात ठेवा. दोन मिनिटांचं काम.

भांड्यांचंही बघा. आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या भांड्यात किंवा कल्हई नसलेल्या पितळेत-तांब्यात ठेवू नका, भांड्याचा धातू पदार्थात उतरतो. स्टील, काच किंवा चिनीमाती चालेल. भाजी मात्र लोखंडी कढईत करा. टोमॅटो नाहीतर आमसूल घातलेली भाजी लोखंडी कढईत शिजली की थोडं लोह भाजीत उतरतं. झाली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर काळी पडते.

चहाचं काय करायचं?

भाकरी खाल्ली की कपभर चहा, ही आपली सवय. पण चहातला तुरट अंश लोहाला धरून ठेवतो आणि रक्तात जाऊ देत नाही. मग आवळ्यानं केलेलं काम चहा बिघडवतो. चहा सोडा असं मी म्हणणार नाही, म्हटलं तरी तुम्ही ऐकणार नाही. जेवणाआधी तासभर आणि जेवणानंतर तासभर तेवढा चहा नको. सकाळी चहा-चपाती खाणाऱ्या मैत्रिणींनी चहा आधी उरकावा आणि न्याहारी तासाभरानं करावी.

उपकेंद्रातून लोहाच्या गोळ्या मिळतात, त्यांनाही हेच लागू. गोळी चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या. लोहाची गोळी आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ नका, एक सकाळी आणि एक संध्याकाळी घ्या. गोळीनं शी काळी होते, त्याला घाबरून गोळी बंद करू नका.

आता सगळ्यांत महत्त्वाचं

इतकं सगळं केलं आणि कोशिंबिरीचं भांडं आपल्यापर्यंत येईस्तोवर रिकामं झालं, तर? घरातल्या पुरुषांना वाढलं, मुलांना वाढलं, पाहुण्याला दोनदा वाढलं. आपण बसलो तेव्हा भांड्याला लागलेलं चाटायला उरलं. कुणी मुद्दाम करतं असं नाही, सगळ्यांच्या अंगवळणी पडलेलं आहे. पण घरात लोहाची गरज कुणाला जास्त? दर महिन्याला जिच्या अंगावरून जातं तिला. पोटात बाळ आहे तिला. अंगावर दूध पाजते तिला. वयात आलेल्या पोरीला. म्हणजे शेवटी जेवणाऱ्यांनाच सगळ्यांत जास्त.

म्हणून एक साधा नियम करा. कोशिंबीर झाली की वाढायला घेण्याआधी दोन चमचे एका वाटीत काढून झाकून ठेवा. सुनेसाठी, लेकीसाठी, स्वतःसाठी. सासूबाईंनी सुनेसाठी काढून ठेवली तर फारच छान. "मला नको, पोरांना होऊ दे" हे वाक्य या वाटीला लागू नाही. आईच्या अंगात रक्त असेल तर पोरांचंच भलं होतं.

बाळंतिणीला आंबट द्यायचं नाही, फळ द्यायचं नाही, अशी रीत अजून पुष्कळ घरांत आहे. बाळंतपणात रक्त गेलेलं असतं, म्हणजे त्या वेळी गरज जास्त असते. तिखट कमी करा, पण पपई, लिंबू, आवळा यांना सरसकट बंदी नको. शंका असेल तर आशाताईला, नर्सबाईंना विचारा.

थोडी काळजी

चटणी म्हणजे औषध नव्हे. उपकेंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्या. गरोदर नसलेल्या बाईचं 12 च्या खाली आणि गरोदर बाईचं 11 च्या खाली असेल तर रक्त कमी आहे असं धरतात. तेव्हा गोळ्या आणि उपचार घ्यायलाच हवेत, जेवण त्यांच्या जोडीला. मधुमेह असेल तर गूळ-साखर वगळा. पित्ताचा त्रास असेल तर मिरची कमी, फळ तेवढंच. लोणचं आणि मोरावळा हे या ताज्या चटण्यांना पर्याय नव्हेत. त्यात मीठ किंवा साखर फार आणि 'क' जीवनसत्त्व कमी. ते चवीपुरतं असू द्या.

गटानं काय करायचं?

येत्या बैठकीत तीन ठराव करा. पहिला, प्रत्येक बैठकीला एकीनं घरच्या फळाची एक कोशिंबीर किंवा चटणी करून आणायची, सगळ्यांनी चाखायची आणि कृती वहीत लिहायची. वर्षभरात बारा कृती होतील. दुसरा, कुणाच्या बांधावर पेरू आहे, कुणाकडे आवळा आहे, कुणाच्या दारात लिंबू आहे, याची यादी करायची आणि हंगामात जादा झालेलं फळ गटात वाटून घ्यायचं. व्यापाऱ्याला विकायच्या आधी आपल्या पोरींच्या ताटात दोन पडू देत. तिसरा, ज्यांच्याकडे एकही झाड नाही त्यांनी या पावसाळ्यात मोरीच्या पाण्यावर एक पपई आणि जागा असेल तर लिंबाचं किंवा पेरूचं कलम लावायचं. पपई वर्षभरात फळाला लागते. पेरूच्या कलमाला दोन-तीन वर्षं लागतात.

यातलं काहीच जमलं नाही, तरी आज रात्री जेवताना अर्धं लिंबू चिरा आणि भाजीवर पिळून घ्या. पण स्वतःच्या ताटातही पिळा.

पुढच्या भेटीत अळीव, राजगिरा आणि इतर घरगुती पौष्टिक गोष्टींबद्दल बोलू. तोवर आपल्या गावाकडची एखादी फळाची चटणी असेल तर कृती लिहून आमच्याकडे पाठवा.